पहिला फिल्म कॅमेरा घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. कोणता कॅमेरा घेऊ, असं विचारलं आहेस. माझं ऐकशील तर साठवलेल्या पैशांतले निम्म्याहून कमी कॅमेऱ्यावर घाल, उरलेले रोलसाठी राखून ठेव. महागड्या बॉडीपायी खिसा रिकामा केला की मग एकच रोल पुरवून पुरवून वापरावा लागतो आणि हात काही बसत नाही.

पेंटॅक्स के १०००, याशिका एफएक्स-३ किंवा रशियन झेनिट-ई, यांतला जो स्वस्तात आणि धड मिळेल तो घे. तिघांचंही शटर बॅटरीशिवाय चालतं. घेताना मात्र घाई नको. मागचं झाकण उघडून प्रत्येक स्पीडला शटर दाबून बघ, पडदा कुठे अडखळतोय का ते कळेल. लेन्स काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धर. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते. दुकानदार ‘पुसून देतो’ म्हणाला तरी तसली लेन्स घेऊ नकोस. झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर हरकत नाही, तो घरी बदलता येतो. प्रकाश मोजणारा मीटर बंद असेल तर भाव पाडून माग. लख्ख उन्हात ४०० आयएसओच्या (प्रकाश-संवेदनशीलतेच्या) रोलला लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद चालतं, त्याच शटरला ढगाळ हवेत एफ ८, सावलीत एफ ४. हे पाठ झालं की मीटरवाचून अडत नाही.

रंगीत रोल सध्या नको. तो ३८ अंशांवर धुवावा लागतो, म्हणजे दरवेळी लॅबचं बिल आलं. कृष्णधवल रोल मोरीत धुता येतो. केंटमिअर ४०० घे. एचपी५ हा कृष्णधवल रोल बनवणाऱ्या हार्मन कंपनीचाच आहे, पण स्वस्त. रोल धुवायची बंद टाकी आणि चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात रोल टाकीत भरायची काळी पिशवी) असली की डार्करूमही लागत नाही.

खरी काळजी पाण्याची. डेव्हलपर, म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवं आणि मे महिन्यात आपल्या नळाला तिशीचं पाणी येतं. गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका कमी होतो की रोल एकसारखा धुतला जात नाही. म्हणून डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी, सगळ्या बाटल्या बर्फ घातलेल्या टोपात ठेव आणि थर्मामीटर बघूनच सुरुवात कर. हायपोत आधी रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा टाक. त्याचा दुधीपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ पुढे रोलला दे. शेवटी धुताना नळ सोडून ठेवू नकोस. टाकी भरून ५ वेळा उलटसुलट कर, ओत, पुन्हा भरून १० वेळा, मग २० वेळा. एवढ्यात रोल स्वच्छ होतो.

पहिला रोल वाळला की मला प्रिंट नको, निगेटिव्हच पाठव. फिल्मच्या कडेचे, कारखान्यातच टाकलेले आकडे ठळक आणि फोटो फिके असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेच फिके असतील तर डेव्हलपरचा वेळ किंवा तापमान चुकलं. ते बघून पुढचं सांगतो.

तुझा,
काका