गोव्याला निघालास, तर आधी वहीत हिशेब मांड

लहान्या, पोळ्याच्या डावात दोन हजार जिंकलास म्हणून गोव्याच्या कॅसिनोत जायचं म्हणतोस. ठीक, पण आधी हिशेब पाहा.

रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल, त्यावर पैज. त्याच्या युरोपियन चाकावर शून्य धरून 37 आकडे. प्रत्येकावर शंभर लावले तर 3700 गेले. लागलेल्या आकड्याचे 35 पट आणि तुझे शंभर, मिळून 3600 परत. कोणताही आकडा येवो, शंभर कॅसिनोचेच, शेकडा 2.7. दोन शून्यांच्या चाकावर तेच 5.26 होतात, तिथे बसूच नको. पाचदा लाल आकडा आला म्हणून आता काळाच येईल, हे डोक्यातून काढ. मी त्याच भ्रमात एका रात्रीत सोयाबीनचे चार क्विंटल घालवले.

ब्लॅकजॅक म्हणजे 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ. त्यात मात्र अभ्यासाला किंमत आहे. कधी थांबायचं, कधी पत्ता घ्यायचा हे सांगणारा बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता पाठ केला आणि नियम चांगले असले, तर कॅसिनोची आघाडी शेकडा अर्ध्यावर येते. तुझी बेरीज 16 आणि डीलरचा उघडा पत्ता 6 दिसला तर थांब. 10 दिसला तर पत्ता घे. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचे पहिल्या दोन पत्त्यांतच 21 होतील ही जादा पैज, कधीच नको. तुझे पहिल्या दोन पत्त्यांतच 21 झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर 3:2 देतात की 6:5, हे टेबलावर लिहिलेलं असतं. 6:5 असेल तर ऊठ. एवढं करूनही लांबच्या हिशेबात कॅसिनोच पुढे राहतो, म्हणून गेलेच समजायचे तेवढेच पैसे ने.

कापसाच्या चुकाऱ्याला आणि पीककर्जाला हात लावायचा नाही बाप्पा! मोबाईलवरचे पैशांचे खेळ तर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदच आहेत.

रविवारी ये, शेंगदाण्यांवर शंभर डाव खेळू.