चौथी आली, म्हणून थांबवायचं का?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. डिसेंबरात तिला बारावं पूर्ण होईल. १४ वर्षांखालील गटात ६०० मीटरला ती जिल्ह्यात चौथी आली. सर म्हणतात, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा. हे म्हणतात, पहिली आली असती तर गोष्ट वेगळी; त्यापेक्षा पुण्याच्या खासगी अकादमीत वर्षाची फी भरू. काय करावं?
– एक आई, जत तालुका

उत्तर : ताई, सरांचं ऐका.

पुढच्या तिघींचं वय विचारलंत का? शालेय स्पर्धांचा गट जन्मसालावर ठरतो. तुमची अकरा वर्षांची मुलगी तेरा पूर्ण झालेल्या मुलींबरोबर पळाली असणार. या वयात दीड-दोन वर्षांत उंची आणि ताकद झपाट्याने वाढते. आज जिंकतात त्या बऱ्याचदा लवकर वाढलेल्या मुली असतात. सतराव्या वर्षी क्रम बदललेला दिसतो. या हिशेबात तिचा चौथा नंबर मला फार मोलाचा वाटतो.

क्रीडा प्रबोधिनी म्हणजे शासनाचं निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्र. तिच्या चाचणीत नुसती पदकं बघत नाहीत. उंची-वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, ६ × १० मीटर शटल रन (दहा मीटरचं अंतर ये-जा करत सहा वेळा पळणं), मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, ८०० मीटर असं मोजमाप होतं. निवड झाली तर राहणं, जेवण, प्रशिक्षणाचा खर्च शासन करतं आणि शाळाही चालू राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला. आधी वर्षभर त्याच्याकडून शारीरिक तयारीच करून घेतली, नेमबाजी त्यानंतर निवडली. २०२४ मध्ये त्याने पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं. म्हणून तुमची मुलगी धावपटूच होणार, हे आत्ताच ठरवू नका. कबड्डी, खो-खो खेळत असेल तर खेळू द्या.

खासगी अकादमीला माझा सरसकट विरोध नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीसाठी वर्षाची फी एकदम भरू नका. प्रशिक्षक एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम) झालेले आहेत का? मुलींच्या वसतिगृहात बाई राहतात का? शाळेत रोज पाठवतात, की नाव नुसतं पटावर? शेवटच्या प्रश्नावर कुणी गोलगोल बोललं, तर तिथूनच परत फिरा.

अजून एक, वडिलांनाही सांगून ठेवा. पाळी सुरू होण्याच्या सुमारास काही मुलींची वेळ वर्षभर सुधारत नाही, कधी घसरतेही. तेव्हा ‘आता जमत नाही’ म्हणून सराव सोडवला जातो, आणि आपल्याकडे मुली गळतात त्या इथेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंडी, डाळ, शेंगदाणे-गूळ रोज पोटात जाऊ द्या. गुडघा किंवा टाच दुखत असेल तर विश्रांती हवी. तेल चोळून पळवू नका.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्तरावरची कामगिरी लागते. त्या भरवशावर अभ्यास सोडू नये.

सांगलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चाचणीची तारीख आणि वयाची अट विचारा. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचं बोनाफाईड आत्ताच काढून ठेवा. दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख जुळते ना, तेवढं आधी बघा.