आयफोनवर सारखे "तुमचा फोन धोक्यात आहे" असे कॅलेंडरचे अलर्ट येतात, दुकानवाला फॉरमॅट मारायला सांगतोय, काय करू?

फॉरमॅट अजिबात मारू नका भाऊ. तुम्ही जे सांगताय त्यावरून फोन हॅक बिक काही झालेला नाही, आणि त्या अलर्टमधल्या लिंकवर तर बोटसुद्धा लावू नका.

होतं काय, फुकट पिक्चर नाहीतर मॅचच्या एखाद्या साईटवर 'पुढे जायला ओके करा' असं येतं, माणूस घाईत ओके दाबतो आणि कुणाचं तरी कॅलेंडर आपल्या फोनला सबस्क्राईब होऊन जातं. मग तो तिकडे बसून त्यात पाहिजे तेवढे इव्हेंट टाकत राहतो आणि रात्री दोन वाजता बेल वाजते आपल्या उशाशी. एकेक इव्हेंट उडवायला जाल तर डिलीट सापडतच नाही, कारण ते कॅलेंडर मुळात त्याचं आहे. म्हणून अख्खं कॅलेंडरच काढायचं.

कॅलेंडर ॲप उघडा, खाली 'कॅलेंडर्स' दाबा, यादीत जे अनोळखी नाव दिसेल त्याच्या बाजूच्या गोलातल्या 'i' या अक्षरावर टच करा आणि एकदम खाली जाऊन अनसबस्क्राईब नाहीतर डिलीट कॅलेंडर करा. तिथून नाही गेलं तर सेटिंगमध्ये कॅलेंडरच्या अकाउंट्समध्ये 'सबस्क्राईब्ड कॅलेंडर्स' असतं, तिथून उडवा.

फक्त नाव नीट वाचून मगच डिलीट दाबा, हे कळकळीने सांगतोय. रावेरला आमचे काका केळी करतात, लागवड कधी, खताचा डोस कधी, ड्रिपमधून काय सोडलं, बाग कधी निसवली म्हणजे घड कधी बाहेर पडले, सगळं फोनच्या कॅलेंडरमध्येच टाकतात आणि कापणी कधी येईल ते त्यावरूनच व्यापाऱ्याला सांगतात. त्यांनाही दुकानात फॉरमॅटच सांगून राहिले होते, आणि बॅकअप काही नव्हता, म्हणजे अख्ख्या बागेचा हिशोब गेला असता एका फालतू सबस्क्रिप्शनपायी. तेव्हा आयक्लाउड, जीमेल, वाढदिवस, सुट्ट्या यांना हात लावू नका.

आता यादीत अनोळखी कॅलेंडर नसेलच तर तो प्रकार वेगळा, म्हणजे तुमच्या ईमेलवर कुणीतरी आमंत्रण पाठवतंय. त्याला 'डिक्लाईन' करू नका, नकार दिला की समोरच्याला कळतं की हा पत्ता चालू आहे, मग अजून येतात. जंक किंवा स्पॅम म्हणून रिपोर्ट करा. गूगल कॅलेंडर वापरत असाल, अँड्रॉइडवर बहुतेकांचं तेच असतं, तर त्याच्या सेटिंगमध्ये जनरलमध्ये आमंत्रणं आपोआप जोडण्याचा पर्याय आहे, तो 'पाठवणारा ओळखीचा असेल तरच' असा करून ठेवा. कटकट बरीच कमी होते.

आणि अँड्रॉइडवाल्यांनी अलर्टवर क्रोमचं चिन्ह आहे का तेही बघावं, असेल तर कॅलेंडरचा काही संबंध नाही, क्रोमच्या साईट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती साईट ब्लॉक करायची.

घरात कुणी आधीच लिंक उघडून कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला असेल तर हे सगळं नंतर, आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार द्या, उद्यावर ढकलू नका.