वाचकांचे प्रश्न : पाटा क्रोम-व्हॅनेडियमचाच हवा का?

प्रश्न : माझा वाडी येथे मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. ट्रकच्या मागील कमानीचा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) दुसरा पाटा, म्हणजे पट्टी, मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटला. मिस्त्री क्रोम-व्हॅनेडियमचा महाग पाटा सुचवतात. त्याने कमान अधिक ताठ होईल का? तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कमान ताठ होणार नाही. पोलाद साधे असो वा मिश्र, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक (वाकण्या-ताणण्याला धातू किती विरोध करतो याचे माप) सुमारे २०५ गिगापास्कल इतकाच राहतो. ताठरपणा ठरतो तो पाट्याच्या लांबी, रुंदी आणि मुख्यतः जाडीवरून, कारण जाडी दुप्पट केल्यास तो आठपट होतो. मिश्र पोलादाचा खरा गुण असा की, ते अधिक वाकूनही पूर्ववत होते, म्हणजेच पाटे लवकर ‘बसत’ (कायमचे सपाट होत) नाहीत. क्रोम-व्हॅनेडियम पोलादात कार्बन सुमारे अर्धा टक्का आणि क्रोमियम सुमारे एक टक्का असते. क्रोमियममुळे जाड पाटाही तेलात विझवला (तापवून तेलात बुडवून झटकन थंड केला) असता गाभ्यापर्यंत कडक होतो, तर अल्पशा व्हॅनेडियममुळे पोलादाचे कण बारीक राहतात. आपल्या मिस्त्रींच्या पान्यांवरही हीच दोन नावे कोरलेली आढळतील. सिलिकॉन-मँगनीजचे पोलादही पाट्यांसाठी उत्तम आहे (मँगनीजचे खनिज तर आपल्या मनसरच्या खाणींतूनच निघते). मात्र तापवताना त्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन लवकर जळतो आणि तडा नेमका पृष्ठभागावरच सुरू होतो.

वेल्डिंग मुळीच करू नये. सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवलेला आणि पुन्हा ४०० ते ५०० अंशांना तापवून चिवट केलेला पाटा वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारी कुठे काचेसारखा ठिसूळ, तर कुठे मऊ होतो, आणि भरल्या गाडीखाली तो तेथेच तुटतो.

तुटलेला तुकडा उजेडात धरून पाहावा. भोकाच्या कडेशी गुळगुळीत, काळपट चंद्रकोर आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार दिसल्यास तडा बरेच दिवस हळूहळू वाढत होता असे समजावे. भोकापाशी असे तुटण्याचे नेहमीचे कारण सैल यू-बोल्ट (कमान आसाला आवळून धरणारे इंग्रजी ‘U’ आकाराचे बोल्ट) हे असते, कारण ते सैल झाले की पाट्याचा मधला भागही वाकू लागतो. मिस्त्रींनी सुचवलेला पाटा चांगलाच आहे, तो अवश्य घ्यावा. परंतु यू-बोल्ट नवे बसवून, भरलेली गाडी काही दिवस चालवल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत, अन्यथा महागडा पाटाही त्याच भोकापाशी तुटेल.