चवली आणि डुबेल्ट्ये

प्रिय चिनू,

इथे नेदरलँड्समध्ये राजाच्या वाढदिवसाच्या बाजारात तू जुनी खेळणी विकायला बसला होतास, तेव्हा शेजारच्या आजोबांनी दहा सेंटचे नाणे तुझ्या हातावर ठेवून त्याला ‘डुबेल्ट्ये’ म्हटले आणि तुला ते मुळीच खटकले नाही. संध्याकाळी मात्र वेंगुर्ल्याच्या आजीने फोनवर “चार आण्यांची तरी विक्री झाली का रे?” असे विचारले, आणि नंतर तू मला म्हणालास, “आई, आजी नसलेल्या पैशांची नावं का घेते?” ते मला लागले, म्हणून लिहिते आहे.

डुबेल्ट्ये म्हणजे दुहेरी स्टाउव्हर. गिल्डर हे इथले जुने चलन; पूर्वी एका गिल्डरचे वीस स्टाउव्हर होत. 1816 च्या कायद्याने गिल्डरचे शंभर सेंट ठरले, तेव्हा स्टाउव्हर पाच सेंटांचा झाला आणि डुबेल्ट्ये दहांचे. 2002 मध्ये गिल्डरही गेला, युरो आला, पण नाव मात्र नव्या नाण्यावर जाऊन बसले. पंचवीस सेंटांच्या ‘क्वार्ट्ये’ला तर युरोत जोडीचे नाणेच नाही, तरीही एखादी गोष्ट उशिरा डोक्यात शिरली की तुझ्या वर्गातली मुले ‘क्वार्ट्ये पडले’ असेच म्हणतात.

आमच्याकडे चवली म्हणजे दोन आणे आणि पावली म्हणजे चार. 1957 मध्ये रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझा जन्म झाला; तरी माझी आजी पंचवीस पैशांचे नाणे पदराच्या गाठीतून सोडवून “ही पावली घे, मुठीत घट्ट धर,” असे बजावून मला कोथिंबीर आणायला पाठवीत असे. नाण्याला तिच्या पदराचा, हळदीचा वास येई. आम्ही ज्या पडक्या डच वखारीपाशी खेळायचो, तिथल्या व्यापाऱ्यांच्या कंपनीचे हिशेब गिल्डर आणि स्टाउव्हरमध्येच लिहिले जात, हे मला इथे आल्यावर कळले आणि त्या रात्री घरची फार आठवण आली.

आणे मी स्वतः कधी मोजले नाहीत, मग ते तुझ्या माथी का मारावेत, असेही मनात येते. ‘जो डुबेल्ट्ये म्हणून जन्मला तो कधी क्वार्ट्ये होत नाही’ ही इथली म्हण मला दुष्ट वाटते, आणि जुने शब्द सांभाळताना असलेही काही सांभाळले जाते, हे मी नाकारत नाही. तरी ‘सोळा आणे खरे’ म्हणताना मला जी खात्री वाटते, ती ‘शंभर टक्के’ म्हणताना वाटत नाही.

आजीच्या डब्यातली एक चवली माझ्याकडे आहे: 1954 ची, चौकोनी, कोपरे गोलसर, एका बाजूला बैल. तुझ्या डुबेल्ट्येशेजारी कपाटात ठेवली आहे. बघावीशी वाटली तर बघ.

तुझी,
आई