वाचकांचे प्रश्न : पाठ घोडीची, खोगीर कोणाचे?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो आणि अक्कलकोट रस्त्याला आमची थोडी शेती आहे. माझी सोळा वर्षांची मुलगी पुण्यात मावशीकडे राहून दोन वर्षे घोडेस्वारी शिकली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे, म्हणजे ठरलेल्या चाली शिस्तीत करून दाखवण्याच्या घोडेस्वारीचे, सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून तिला याच प्रकाराचा ध्यास लागला आहे. गेल्या वर्षी आम्ही अकलूजच्या बाजारातून तिच्यासाठी मारवाडी घोडी घेतली. आता टेक्सासला असणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी हौसेने एक वेस्टर्न खोगीर आणले आहे. त्यांचे म्हणणे असे, की पुढे धरायला मूठ आहे, बसायला खुर्चीसारखे आहे, तेव्हा पोरीला पडायची भीती नाही. मुलगी म्हणते, त्यात बसले तर माझी मांड बिघडेल. दोघांपैकी कोणाचे बरोबर? दोन्ही खोगिरे आलटून पालटून वापरता येतील का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. मात्र या वादात जिची पाठ दुखण्याचा संभव आहे त्या घोडीचा कौल कोणीच घेतलेला दिसत नाही. तिच्याकडे आपण येऊच, पण आधी मेहुण्यांच्या मुठीचा विचार करू.

वेस्टर्न खोगीर हे मुळात गुराख्याचे अवजार आहे. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेलेल्या खोगिरात तिथल्या गुराख्यांनी कामाच्या गरजेप्रमाणे बदल केले आणि पुढे ते टेक्सास, कॅलिफोर्नियाकडे पसरले. फास टाकून पकडलेल्या जनावराचा हिसका माणसाच्या हाताला झेपत नाही, म्हणून दोराचे टोक खोगिरावरच्या ज्या खुंटाला वेढायचे तो खुंट म्हणजे हॉर्न. दावे बांधायच्या खुंटाला आपण जसे पडू नये म्हणून धरत नाही, तसेच हेही आहे. घोडा बिथरला आणि स्वाराने हॉर्न घट्ट पकडला, की त्याचे धड पुढे ओढले जाते, पाय मागे जातात आणि तोल सावरण्याऐवजी अधिकच जातो. कळपातून एकेक जनावर वेगळे काढण्याच्या अमेरिकी स्पर्धांत स्वार हॉर्नला हात लावतात हे खरे, पण तो स्वतःला मागे रेटून खोगिरात बसवण्यासाठी. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका ओढ्याची दरड चढताना गरजेपेक्षा जास्त पुढे वाकलो होतो, आणि तो खुंट पोटात असा बसला की पुढचे दोन दिवस जेवताना त्याची आठवण येत होती. चूक अर्थात माझीच होती.

खुर्चीसारखी बैठक हा दावा मात्र खोटा नाही. दिवसभर गुरांमागे हिंडणाऱ्या माणसासाठी ती बैठक घडली असल्याने तिचा मागचा उठाव उंच असतो, रिकिबी, म्हणजे पाय अडकवायची कडी, रुंद असतात, आणि ट्री म्हणजे खोगिराचा जो आतला सांगाडा, त्याच्या दोन लांब पट्ट्या स्वाराचा भार घोड्याच्या पाठीवर बऱ्याच मोठ्या क्षेत्रात पसरवतात. या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते. वेस्टर्न खोगीर साधारण १२ ते २० किलोंचे असते आणि ड्रेसाजचे ६ ते ९ किलोंच्या आसपास. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार होऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपली घोडी ३५० किलोंची धरली तर ही मर्यादा ७० किलोंवर येते. १६ किलोंचे खोगीर चढवल्यास स्वारासाठी ५४ किलो उरतात आणि ८ किलोंचे चढवल्यास ६२. सोळा वर्षांच्या मुलीला दोन्ही चालतील. प्रत्यक्षात मेहुणेच एखाद्या रविवारी शेतावर आले आणि घोडीवर बसले, तर हा हिशेब त्यांना नम्रपणे दाखवावा.

ड्रेसाजच्या खोगिराचा जन्म युरोपातल्या घोडदळाच्या आणि दरबारी स्वारीशाळांच्या परंपरेतला. तिथे गुरे धरायची नव्हती. घोड्याला बारकाव्यांसह हलवायचे होते, आणि त्यासाठी स्वाराचा पाय व घोड्याचे अंग यांत जितके कमी चामडे राहील तितके चांगले. म्हणून त्याची बाजूची पाखे लांब आणि जवळजवळ सरळ खाली उतरणारी असतात, बैठक खोल असते, गुडघ्यापुढे आधाराची उशी असते, आणि तंगाचे, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या बंधाचे, पट्टे मुद्दाम लांब ठेवून बकल पायाखालून काढून पाखाच्या खाली नेलेले असते. पाठीला टेकणाऱ्या गाद्यांत बहुधा लोकर भरतात. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी मजकुरासाठी वापरतो, पण या खोगिरात ती भरती हीच सर्वांत कळीची गोष्ट आहे. ती एका बाजूला दबली की स्वार तिरका बसतो, घोडा तिरका चालतो, आणि आपण मात्र घोड्यालाच दोष देत बसतो.

आता मांड, म्हणजे घोड्यावरच्या बैठकीविषयी. ड्रेसाजमध्ये कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवेत. ही रेषा चांगल्या वेस्टर्न स्वारालाही हवी असते; त्यामुळे नुसत्या खोगीरबदलाने मांड बिघडते ही आपल्या मुलीची भीती अनाठायी आहे. फरक पडतो तो रिकीब कुठे टांगली आहे याने. लांब फेरफटक्यांसाठी केलेल्या अनेक वेस्टर्न खोगिरांत रिकिबी थोड्या पुढे असतात, स्वार मागच्या उठावावर टेकून बसतो आणि पाय पुढे जातात. अशा बैठकीत रोज दोन तास घालवले तर शरीराला तिची सवय लागते, हे मात्र तिचे बरोबर आहे. खोगीर एखाद्या ओंडक्यावर ठेवून, मुलीला त्यात बसवून, बाजूने छायाचित्र घ्यावे. टाच कमरेच्या पुढे दिसली तर ते खोगीर तिच्या शिक्षणाच्या कामाचे नाही.

याहून मोठा फरक घोड्याशी बोलण्याचा आहे, आणि सवयीचा खरा घोळ तिथेच होतो. ड्रेसाजमध्ये दोन्ही हातांत लगाम असतो आणि घोड्याच्या तोंडाशी हलका पण अखंड संपर्क ठेवावा लागतो. पोटरी घोडीच्या पोटाला अलगद लागलेली असते आणि नुसत्या श्वासाएवढ्या दाबातही सांगणे पोहोचते. वेस्टर्न पद्धतीत लगाम सैल सोडलेला असतो, इशारा दिला की हात लगेच मोकळा करायचा असतो, आणि तयार घोडा मानेवर टेकणाऱ्या लगामाच्या स्पर्शाने वळतो, तोही एकाच हाताने. एक हात मोकळा राहण्याची गरज आपल्याकडच्यांना नवी नाही. वारीच्या रिंगणात पताका धरून दौडणाऱ्या स्वाराकडे पाहावे, त्याच्याही लगामाला एकच हात उरतो. शिवाय वेस्टर्न खोगिरात पाय आणि घोडी यांच्यामध्ये रिकिबीचा रुंद, जाड पट्टा येतो, त्यामुळे पोटरीचा बारीक इशारा अर्ध्या वाटेतच विरतो आणि स्वार नकळत टाच मारायला शिकतो. परिणामी सोमवारी जी घोडी हलक्या दाबाला उत्तर द्यायला शिकली, तिला मंगळवारी ढोसावे लागते आणि बुधवारी ती दोन्हींकडे दुर्लक्ष करते. घोडी अजून शिकत असताना खोगीर आलटून पालटून वापरू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मुलीच्या बैठकीपेक्षा घोडीची ही गोंधळलेली समज हे आहे. दोन्ही भाषा पक्क्या झालेला घोडा खोगीर बदलताच आपला रागरंगही बदलतो, पण त्याला काही वर्षे जावी लागतात.

आपण पत्रात न विचारलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती खोगिराहून महत्त्वाची ठरू शकते. मारवाडी घोड्यांत रेवाल चाल पुष्कळदा आढळते. अंगाला झोका न देणारी ही चाल आपल्या बाजारात गुण मानली जाते आणि तिच्यासाठी लोक चार पैसे जास्त मोजतात. ड्रेसाजमध्ये मात्र साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी स्पष्ट दोन ठोक्यांची आणि कँटर, म्हणजे हलकी दौड, तीन ठोक्यांचा असावा लागतो, आणि दुडकीत तिरपे पाय जोडीने पडावे लागतात. घोडी दुडकीऐवजी रेवालीत शिरत असेल तर परीक्षकांपुढे तो दोषच. डोळे मिटून टापा ऐकाव्यात, ठोके मोजता येतात. रेवालच निघाली तरी घोडी वाईट ठरत नाही. लांबच्या रपेटीला तिच्यासारखे सुख नाही, आणि मेहुण्यांच्या खोगिराला तीच खरी जोडीदार शोभेल.

अर्थात ते खोगीर तिच्या पाठीला बसले तर. वेस्टर्न खोगिरांचे सांगाडे बहुतांशी अमेरिकी क्वार्टर हॉर्सच्या मापाने बनतात. त्या घोड्याची पाठ रुंद आणि सपाट असते. मारवाडी घोडीचे विदर्स, म्हणजे मानेच्या बुडाशी आयाळ संपते तिथला हाडाचा उंचवटा, सहसा उंच आणि अरुंद असतात. रुंद सांगाडा अशा पाठीवर खाली घसरतो आणि त्याची कमान थेट हाडावर टेकते. तपासण्यासाठी घोडी सपाट जागी उभी करावी, पाठीवर काहीही न घालता खोगीर ठेवावे, आणि कमान व विदर्स यांत दोन-तीन बोटे आडवी जातात का ते पाहावे. मुलगी बसल्यावर पुन्हा पाहावे. मागून वाकून पाहिले असता कण्यावरून पुढपर्यंत उजेड दिसला पाहिजे. स्वाराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून मागे कंबरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. आपल्याकडे खोगीर बसत नसले की खाली चादरीची आणखी एक घडी घालायची पद्धत आहे. सोलापुरी चादर घाम चांगला टिपते, पण घडी वाढवल्याने अरुंद खोगीर अधिकच आवळते, रुंद खोगीर डुलू लागते, आणि चादरीची एक चुणी तासाभरात पाठ सोलून काढते.

तेव्हा माझा सल्ला असा, की येते वर्षभर मुलीने ड्रेसाजच्याच खोगिरात काम करावे. शेतात २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब चौकोन आखून घ्यावा. सुरुवातीच्या परीक्षांना एवढे मैदान पुरते, मोठ्या परीक्षांना लांबी ६० मीटर लागते. आपल्या काळ्या मातीवर मात्र थेट काम करू नये, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात खुरांना चिकटते. मुरुमावर वाळू पसरलेली बरी. वेस्टर्न खोगीर वरच्या कसोटीला उतरले तर आठवड्यातून एखाद्या सकाळी बांधावरून निवांत फेरफटक्याला वापरावे, त्या दिवशी कोणताही धडा घेऊ नये. कसोटीला उतरले नाही तर ते दिवाणखान्यात मांडावे. मेहुण्यांना काय सांगायचे ते आपण पाहून घ्यालच.

प्रश्न : माझ्या वेस्टर्न खोगिराच्या बैठकीचे माप १५ इंच आहे. कानपूरहून ड्रेसाजचे खोगीर मागवतो आहे, तर तेच माप सांगू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सांगू नये. दोन्हींचे मोजमाप वेगळ्या ठिकाणांहून होते. वेस्टर्नमध्ये हॉर्नच्या बुडापासून मागच्या उठावापर्यंत मोजतात, तर ड्रेसाजच्या खोगिरात पुढच्या बाजूस असलेल्या खिळ्यापासून मागच्या उठावाच्या मध्यापर्यंत. ढोबळ मानाने इंग्लिश, म्हणजे ड्रेसाजसारख्या खोगिराचे, माप दोन इंचांनी जास्त येते, म्हणजे आपल्याला १७ इंचांच्या जवळपासचे लागेल. तंगही नवा घ्यावा लागेल, कारण ड्रेसाजचा तंग आखूड असतो. तो फारच आखूड घेतला तर बकल घोड्याच्या कोपरामागे घासून जखम करते.

प्रश्न : आमचे भीमथडी तट्टू लहान चणीचे आहे. त्याच्यावर वेस्टर्न खोगीर घालावे का?
— एक शेतकरी, माळशिरस तालुका

उत्तर : मोठे, चौकोनी झालरीचे, म्हणजे बैठकीखालचे चामडे मागे चौकोनी पसरलेले, तर मुळीच नाही. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाल्यापासून त्याच्याकडे लोकांचे लक्ष गेले आहे ही आनंदाची गोष्ट आहे, पण धनगरांच्या बिऱ्हाडासोबत मैलोगणती चालणारे हे जनावर आखूड पाठीचे असते आणि लांब खोगिराची मागची कड त्याच्या कंबरेवर घासते. गोल झालरीचे, हलके खोगीर किंवा साधे इंग्लिश खोगीर पाहावे. पहिल्या काही रपेटींनंतर खोगीर उतरवून घामाचा ठसा बघत जावा. सगळीकडे ओले आणि मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथे दाब पडून घाम सुटलेलाच नाही असे समजावे आणि त्या खोगिरात पुन्हा बसू नये. दुर्लक्ष केले तर काही महिन्यांनी त्याच जागी पांढरे केस उगवतात, आणि ते पुन्हा काळे होत नाहीत.