नोट्स मिळतात, पण वाचता येत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी जन्मतः अंध असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने फोन आणि लॅपटॉप ती स्वतः वापरते. महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या नोट्स मात्र एकतर वहीच्या पानांचे फोटो असतात, नाहीतर अशा पीडीएफ, ज्या ऐकताना निरर्थक इंग्रजी अक्षरेच कानावर पडतात. प्राध्यापक सहृदय आहेत, पण आमच्या हातात याहून अधिक काही नाही, असे ते म्हणतात. मी घरी वाचून दाखवते, परंतु परीक्षेच्या दिवसांत ते पुरे पडत नाही. आम्ही काय मागावे आणि कशाच्या आधारावर?
— एक पालक, बार्शी

उत्तर : प्राध्यापकांच्या हातात बरेच काही आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही. आधी बिघाड कुठे आहे ते पाहू. अनेक ठिकाणी मराठी मजकूर अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला जातो. कृतिदेवमध्ये 'कमल' हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसतो, पण फाइलीत साठवलेली असतात ती डी, ई आणि वाय ही इंग्रजी अक्षरे. फॉन्टने फक्त त्यांच्या जागी क, म, ल यांचे आकार बसवलेले असतात. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, साठवलेली अक्षरे वाचतो, आणि म्हणून आपल्या मुलीला ते निरर्थक काहीतरी ऐकू येते. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असल्यामुळे हा घोळ होत नाही. वहीच्या पानाच्या फोटोत तर अक्षरेच नसतात, नुसते चित्र असते.

तेव्हा अर्जात 'नोट्स सुगम स्वरूपात द्याव्यात' असे मोघम लिहू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ वर्ड फाइल मागा. पीडीएफ नको, असे मी आवर्जून सांगते, कारण युनिकोडमधल्या मजकुराची पीडीएफ केली तरी त्यातून वाचताना जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा मोडतात. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मोफत मिळतात. मात्र ह्रस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द नंतर एकदा नजरेखालून घालावे लागतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर पडद्यावर दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात. छापील पानाच्या फोटोतून मजकूर काढण्याचे काम गूगल लेन्स मराठीतही बऱ्यापैकी करते. हस्ताक्षराच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

आणखी दोन गोष्टी मागता येतील. शीर्षके केवळ ठळक न करता वर्डमधील 'हेडिंग' वापरून दिली, तर विद्यार्थिनी एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाऊ शकते. नाहीतर चाळीस पानांतला एक मुद्दा शोधण्यासाठी सगळी पाने ऐकत बसावे लागते. आणि जिथे आकृती आहे, तिथे तिचे वर्णन हवे. अर्थशास्त्रातील मागणी वक्राखाली 'किंमत वाढते तशी मागणी घटते, म्हणून वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' एवढे एक वाक्य लिहिले, तरी आकृतीचा आशय पोहोचतो.

आता आधाराविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला आवश्यक ती वाजवी सोय नाकारणे हाही त्यात भेदभावच मानला आहे. वर्ड फाइल देण्याचा भार कोणत्याही महाविद्यालयाला न पेलणारा आहे, असे कुणी म्हणू शकणार नाही. अर्ज प्राचार्यांच्या नावे लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि महाविद्यालयात किंवा विद्यापीठात समान संधी कक्ष असेल तर तेथेही प्रत द्यावी. दाद लागली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पुस्तक स्कॅन केल्यास प्रकाशक हरकत घेतील, अशी भीती शिक्षकांना वाटत असल्यास तीही दूर करता येईल. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग वाचकाच्या अभ्यासासाठी आणि नफा न कमावता पुस्तक वाचता येण्याजोग्या स्वरूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयातही मुलीचे नाव अवश्य नोंदवा.

आपण आजवर वाचून दाखवत आलात, त्याचे मोल मला कळते. तरीही रात्री अकरा वाजता आईला न उठवता एखादे प्रकरण पुन्हा वाचण्याची मोकळीक तिच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला आहे, आणि ती तिलाही मिळालीच पाहिजे.

प्रश्न : मी पूर्णतः अंध असून सेवानिवृत्त संगीतशिक्षक आहे. बँकेच्या ॲपवर केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, करताना 'चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा' अशी सूचना येते. चौकट कुठे आहे हे मला कळत नाही आणि तोवर वेळ संपते. शाखेत 'घरातल्या कुणाकडून करून घ्या' असे सांगण्यात आले. दुसरा मार्ग नाही का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आहे, आणि तो आपल्या हक्काचा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवरील या निकालात 20 निर्देश आहेत. ग्राहक प्रत्यक्ष समोर आहे याची खात्री करण्यासाठी डोळे मिचकावण्याखेरीज अन्य पर्याय असावेत, अंगठ्याचा ठसा स्वीकारला जावा आणि कागदोपत्री केवायसीची सोय चालू राहावी, हे त्यांतील आपल्या उपयोगाचे निर्देश.

घरच्यांकडून करून घेण्याचा सल्ला मला विशेष खटकतो. ओटीपी कुणालाही सांगू नका, असे याच बँका सर्व ग्राहकांना वारंवार बजावत असतात. अंध ग्राहकाने मात्र तो दुसऱ्याच्या हाती द्यावा, ही अपेक्षा त्याच्या पैशांच्या सुरक्षिततेशी आणि त्याच्या प्रतिष्ठेशीही विसंगत आहे.

शाखाधिकाऱ्यांना या निकालाचा तारखेसह उल्लेख करून पत्र द्या, शाखेतच कागदोपत्री केवायसी करून मागा आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागा. बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती ऑनलाइन करणे अवघड वाटल्यास साध्या टपालाने पाठवलेली तक्रारही स्वीकारली जाते.